ठिपके वाढले म्हणजे पक्षी वाढले?

रानपिंगळ्याबद्दल पक्षिप्रेमींमध्ये आणि वर्तमानपत्रांत गेल्या काही वर्षांत एक मत चांगलेच रुजले आहे. ते असे: हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर दिसेनासा झाला, नामशेष समजला गेला आणि एकशे तेरा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळच्या रानात पुन्हा प्रकटला. मग तो तोरणमाळला दिसला, मेळघाटात दिसला, यावलला दिसला, मध्य प्रदेशात खंडवा-बुऱ्हाणपूरकडे दिसला. २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात दिसला, पाठोपाठ गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यात दिसला. अखेर २०१८ मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आययूसीएन या जागतिक संस्थेने आपल्या लाल यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या पायरीवरून ‘संकटग्रस्त’ या पायरीवर आणले. तेव्हा पक्षी सावरला, संकट ओसरले, आता लक्ष दुसरीकडे वळवायला हरकत नाही.

या मताच्या जोडीला आणखी एक युक्तिवाद येतो. रानपिंगळ्याचा जवळचा नातलग म्हणजे आपला साधा पिंगळा. तो गावात राहतो, शहरात राहतो, विहिरीच्या खबदाडात आणि पडक्या वाड्याच्या भिंतीत अंडी घालतो, रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे टिपतो. लाल यादीत तो ‘काळजीचे कारण नाही’ अशा सर्वांत खालच्या श्रेणीत आहे. एका कुळातला एक भाऊ माणसाशी इतका जुळवून घेतो, तर दुसराही आज ना उद्या घेईलच, असा त्या युक्तिवादाचा सूर असतो.

हे मत अज्ञानातून आलेले नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. नवी ठिकाणे खरी आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) वतीने फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पुनर्शोधानंतर लगेच सातपुड्यात पाहणी सुरू केली. पुढे गिरीश जठार यांनी आणि पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कन्झर्वेशन सोसायटीच्या प्राची मेहता, जयंत कुलकर्णी यांनी महाराष्ट्र-मध्य प्रदेशाच्या सीमेवरची राने पायाखाली घातली. त्यांच्या नोंदींवर शंका घेण्याचे कारण नाही. श्रेणी बदलण्याचा निर्णयही माझ्या मते बरोबरच आहे. आक्षेप आहे तो त्या निर्णयाच्या वाचनावर. श्रेणी एक पायरी उतरली हे खरे. संकट एक पायरी उतरले हे मात्र त्यातून निघत नाही. ते का निघत नाही, हे एकेक मुद्दा घेऊन पाहू.

पहिला मुद्दा ‘हरवला आणि परत आला’ या कथेचा. सावरण्याची सारी भाषा या कथेवर उभी आहे, म्हणून तिचा पाया तपासायला हवा.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेले हेच ते ह्यूम. त्या काळी ते हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचे सर्वांत मोठे संग्राहक होते. वर्णनाला आधार होता तो १८७२ मध्ये ब्लुइट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात मिळवलेल्या एका नमुन्याचा. त्यानंतर भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातल्या खरियारकडे एक मिळाला आणि खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या सुमारास शहादा-तळोदा भागातून काही मिळवले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून खरे नमुने सातच. त्यांतला शेवटचा १८८४ चा.

मात्र पुस्तकांत अनेक वर्षे आणखी एक नोंद चालत आली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज कर्नलाने १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला हा पक्षी मारल्याचे सांगितले होते, आणि तसा नमुना संग्रहात होता. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा नमुना बारकाईने तपासला. प्रत्येक संग्राहकाची पक्षी सोलण्याची, शिवण्याची, आत कापूस भरण्याची आपली पद्धत असते. हाताचे वळण लपत नाही. या नमुन्यावर वळण डेव्हिडसनचे निघाले. कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातला डेव्हिडसनचा पक्षी लांबवला होता, आतला भराव बदलून त्याला नवे रूप दिले होते आणि वर आपली चिठ्ठी बांधली होती. मांडवी खोटी आणि १९१४ सालही खोटे.

मांडवीची नोंद वगळली की उरते काय? छत्तीसगड, ओडिशा आणि पश्चिम खानदेश. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट १९९७ मध्ये हीच खरी ठिकाणे धरून निघाले. पूर्वेकडे हाती काही लागले नाही. मग ते डेव्हिडसनच्या वाटेने तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ आले आणि एका सकाळी पक्षी समोर उघड्या फांदीवर बसलेला दिसला. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनाही जो सापडला नव्हता, तो डेव्हिडसनने जिथे सोडला होता तिथेच होता. मधल्या शतकात तो कुठे गेला नव्हता. नेमक्या त्या रानात, नेमक्या त्या हंगामात, माथा कोरा (म्हणजे रानपिंगळा) आहे की ठिपक्यांचा (म्हणजे साधा पिंगळा) हे पाहण्याच्या तयारीने कोणी गेले नव्हते.

या इतिहासाचा आजच्या वादाशी थेट संबंध आहे. पक्षी ‘परत आला’ असे म्हटले की आपण नकळत आरंभबिंदू शून्य धरतो. १९९७ पूर्वी शून्य, मग एक, मग पंचवीस, मग काही शे. आलेख चढता दिसतो. पण ते शून्य पक्ष्याचे नव्हतेच, आपल्या माहितीचे होते. १८८४ मध्ये किती रानपिंगळे होते आणि १९९७ मध्ये त्यांतले किती उरले होते, हा आलेख काढता आला असता तर तो चढता निघाला असता असे मानायला कसलाही आधार नाही. त्या शंभर वर्षांत खानदेशच्या रानांचे काय झाले हे आपण जाणतो.

दुसरा मुद्दा नकाशावरच्या ठिपक्यांचा. नवे ठिकाण सापडते तेव्हा नेमके काय घडते? तिथे पक्षी होताच. आपण उशिरा पोचलो. विधानसभेच्या आधी मोहीम निघाली आणि गावाच्या मतदार यादीत दोनशे नवी नावे चढली, म्हणून गावात दोनशे माणसे जन्माला आली असे कोणी समजत नाही. तानसाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. मुंबईहून दोन-अडीच तासांच्या अंतरावरचे हे अभयारण्य सातपुड्याच्या मूळ ठिकाणांपासून कितीतरी दूर. इतका लांबचा पल्ला मारून रानपिंगळा २०१४ च्या आसपास ठाणे जिल्ह्यात येऊन राहिला, असे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या तिथे असावा हेच अधिक संभवते. बदलले ते इतकेच की १९९७ नंतर त्याचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, त्याची छायाचित्रे सगळ्यांच्या हाती आली, पाहणाऱ्यांची संख्या वाढली आणि कोरड्या पानगळी रानात गेलेला माणूस प्रत्येक पिंगळ्याचा माथा दुर्बिणीतून पाहू लागला.

ठिपक्यांच्या हिशेबात दुसरीही एक गफलत आहे. नवा ठिपका बातमी होतो. पुसलेला ठिपका होत नाही. ज्या फुलझर भागातून ह्यूम यांना पहिला नमुना मिळाला, तो नकाशाचा पूर्वेकडचा भाग १९९७ च्या शोधात रिकामा निघाला. आज आपण ज्याला रानपिंगळ्याचा प्रदेश म्हणतो तो मुख्यतः सातपुडा आणि सह्याद्रीच्या उत्तर टोकाचा आहे. पश्चिमेकडेही सगळे शाबूत नाही. डेव्हिडसनच्या तळोद्यातले सुमारे ४,२०० हेक्टर जंगल १९९० च्या दशकात सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी मोकळे करून देण्यात आले. धरणाखाली ज्यांची गावे बुडाली त्या आदिवासींना जमीन मिळायलाच हवी होती. ती जंगल तोडून देण्याचा निर्णय मात्र त्यांनी घेतलेला नव्हता. मुद्दा असा की, ते रान गेले तेव्हा तिथे किती रानपिंगळे होते हे कोणी मोजले नाही, कारण त्या वेळी पक्षी नामशेषच समजला जात होता. जमाखर्चाच्या वहीत जमेची बाजू १९९७ पासून नीट लिहिली जात आहे आणि खर्चाची बाजू कोरी आहे. अशा वहीवरून नफा काढता येत नाही.

तिसरा मुद्दा प्रत्यक्ष श्रेणीचा. ‘संकटग्रस्त’ या शब्दाला बोलीभाषेत सैल अर्थ आहे, पण लाल यादीत तो कसोट्यांवर बांधलेला आहे. ज्या कसोटीने रानपिंगळा या श्रेणीत बसतो तिच्यात तीन अटी एकत्र येतात: प्रौढ पक्षी २,५०० पेक्षा कमी असले पाहिजेत, त्यांची संख्या घटत असली पाहिजे, आणि ते अशा तुटक गटांत विखुरलेले असले पाहिजेत की कोणत्याही एका गटात २५० हून अधिक प्रौढ नाहीत. मधली अट पुन्हा वाचावी. संख्या घटती असणे हा या श्रेणीत येण्याच्या पात्रतेचाच भाग आहे. म्हणजे जो दाखला दाखवून ‘पक्षी वाढतो आहे’ असे सांगितले जाते, त्याच दाखल्यावर ‘पक्षी कमी होतो आहे’ असे लिहिलेले आहे.

मग श्रेणी का बदलली? कारण याच कसोटीवर ‘अतिसंकटग्रस्त’ ठरण्यासाठी प्रौढांची संख्या २५० च्या आत असावी लागते आणि नव्या ठिकाणांमुळे अंदाज त्यापलीकडे गेला. तो आता २५० ते ९९९ असा दिला जातो. या आकड्यांकडे पाहून ‘म्हणजे हजाराच्या घरात’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण २५० ते ९९९ ही शिरगणती नाही. पक्ष्यांच्या जागतिक मूल्यांकनात अंदाजासाठी काही ठरावीक टप्पे वापरतात, ५० ते २४९, २५० ते ९९९, असे. पूर्वी पक्षी पहिल्या टप्प्यात धरला होता, आता दुसऱ्या टप्प्यात धरला आहे. खरा आकडा तीनशे असला तरी टप्पा हाच राहील. आययूसीएन स्वतः श्रेणीबदलांची नोंद ठेवताना प्रजातीच्या स्थितीत प्रत्यक्ष फरक पडल्याने झालेला बदल आणि माहिती सुधारल्याने झालेला बदल, अशी फारकत करते. रानपिंगळ्याचा बदल दुसऱ्या प्रकारातला आहे. ज्या संस्थेच्या निर्णयाचा हवाला द्यायचा, तिने केलेला हा भेद गाळून टाकायचा, ही वकिली झाली.

आता चौथा आणि सर्वांत मोहक मुद्दा: पिंगळ्यासारखा रानपिंगळाही जुळवून घेईल.

दोघांचे नाते जवळचे आहे यात वाद नाही. ह्यूम यांनी रानपिंगळ्यासाठी ‘हेटेरोग्लॉक्स’ असा वेगळा वंशच (जीनस) निर्माण केला होता, आणि त्याला पिंगळ्याच्या ‘अथेनी’ वंशात घालावे की वेगळे ठेवावे यावर शतकभर चर्चा चालली. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी जनुकांच्या आधारे दाखवले की तो अथेनींच्याच शाखेत मोडतो. म्हणजे भाऊबंद खरे. पण भाऊबंदकीवरून स्वभाव ठरवू नये, हे मराठी माणसाला निराळे सांगायला नको. याच अथेनी वंशातले एक घुबड युरोपातल्या शेतांत आणि कोठारांत सुखाने नांदते. दुसरे अमेरिकेच्या माळरानांवर जमिनीतल्या बिळांत घर करते, आणि कॅनडात तेच संकटात आहे. एका कुळातून काय काय निघू शकते याचा यापेक्षा चांगला पुरावा कशाला हवा?

सातपुड्यातल्या एखाद्या रानात दोघांना पाहिले तर फरक आधी लहानच वाटतो. दोघेही वीतभर उंचीचे, तपकिरी, पिवळ्या डोळ्यांचे. पिंगळ्याचा माथा पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला; रानपिंगळ्याचा जवळजवळ कोरा. पिंगळ्याच्या छातीपोटावर तपकिरी खुणा विखुरलेल्या. रानपिंगळ्याच्या छातीवर तपकिरी रंग दाट आणि त्याखाली पोट मधोमध पांढरेशुभ्र. डोके आणि चोच थोराड, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांत गुंडाळलेले. वागण्यातला फरक त्याहून मोठा. पिंगळा दिवसा ढोलीच्या तोंडाशी डोळे मिचकावत बसतो, आपल्याकडे कोणी रोखून पाहिले की मान खालीवर करतो, आणि तिन्हीसांज झाली की कामाला लागतो. रानपिंगळा चांगले ऊन चढल्यावरही निष्पर्ण झाडाच्या शेंड्याजवळ उघडा बसतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकतो आणि खालच्या गवतातली सापसुरळी, सरडा, उंदीर किंवा नाकतोडा हेरून झेप घेतो.

या दिनचर्येतच जुळवून घेण्याच्या युक्तिवादाचे उत्तर आहे. जो पक्षी भर दिवसा उघड्या फांदीवर बसतो तो शेताच्या बांधावर, गावाच्या चिंचेवर किंवा शाळेच्या छपरावर येऊन राहिला असता तर लपून राहिला नसता. पिंगळा जिथे राहतो त्या प्रत्येक गावात त्याला पाहणारी शंभर माणसे असतात. तशा ठिकाणी रानपिंगळा राहत असल्याची नोंद नाही.

यावर जाणकार प्रतिपक्षी म्हणेल, की थांबा, रानपिंगळा जंगलातल्या अतिक्रमित शेतांच्या कडेलाही दिसतो, मग तो जुळवून घेत नाही असे कसे? निरीक्षण खरे आहे. त्याला दाट, गच्च रान नको असते. विरळ साग, मध्ये गवताचे मोकळे तुकडे असे रान त्याला मानवते, आणि शिकारीसाठी शेताची कडही चालते. पण पोट भरणे आणि वंश चालवणे या दोन गोष्टी आहेत. रानपिंगळ्याची माहीत असलेली घरटी झाडांच्या ढोलींतली आहेत: रोहन, मोई, सालई, साग अशा जुन्या, जाड बुंध्याच्या झाडांची. पिंगळ्याला ढोली नसली तर भिंतीचे भोक चालते, विहिरीचा दगड निखळलेला कोनाडा चालतो. रानपिंगळ्याने घरासाठी असा पर्याय घेतल्याचे दिसलेले नाही. शेत वाढले की काही काळ त्याला भक्ष्य सोपे मिळेल. पण त्याच शेतासाठी ढोलीचे झाड पडले असेल तर त्या जोडीचा तो शेवटचा संसार ठरेल. शिवाय रान उघडे पडले, बांध आणि घरे आली, की ती जागा पिंगळ्याला सोयीची होते, आणि उरल्यासुरल्या ढोलींवर हक्क सांगायला तोही येतो. एका भावाची भरभराट ज्या बदलाने होते, त्याच बदलाने दुसऱ्याचे घर जाते. पिंगळ्याकडे बोट दाखवून रानपिंगळ्याची काळजी सोडणे म्हणूनच विशेष चुकीचे आहे.

श्रेणीचे असेच चुकीचे वाचन पिंगळ्याच्याही वाट्याला येते, फक्त उलट बाजूने. इराणपासून व्हिएतनामपर्यंत पसरलेला पक्षी जागतिक पातळीवर नाहीसा होण्याचा धोका नाही, एवढेच त्याची श्रेणी सांगते. तुमच्या तालुक्यात त्याचे काय चालले आहे याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडियाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातल्या ३० घुबडप्रजातींपैकी १५ चोरट्या व्यापारात आढळल्या होत्या. दिवाळीच्या सुमारास अघोरी विधींसाठी घुबडांची मागणी वाढते, हे वनखात्यापासून लपलेले नाही. ज्या पक्ष्याच्या बोलीवरून भविष्य सांगणारे पिंगळा जोशी आपल्या गावांतून पहाटे फिरत, त्याच पक्ष्याला अशुभ म्हणून गलोलीने टिपणारेही आपल्याच गावांत आहेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दोघांनाही लागू आहे. ‘काळजीचे कारण नाही’ याचा अर्थ ‘परवानगी आहे’ असा होत नाही.

शेवटी एक व्यवहारी आक्षेप उरतो, आणि तो मला बाकीच्यांपेक्षा वजनदार वाटतो. कायम संकटाचीच भाषा केली तर माणसे कंटाळतात. कधीतरी यशाची गोष्ट सांगितली नाही तर कोण कशाला कष्ट करील? हे पटण्यासारखे आहे. म्हणून यश कशात आहे ते नेमके सांगावे. रानपिंगळ्याच्या बाबतीत झालेले यश ज्ञानाचे आहे, आणि ते लहान नाही. एक लबाडी उघडी पडली, संग्रहालयातले सात कातडी नमुने एवढाच ज्याचा पुरावा होता त्या पक्ष्याची वीण, अन्न, आवाज, घरट्याची झाडे आपल्याला कळली. विणीच्या काळात नराने आपलीच पिल्ले खाल्ल्याची विचित्र नोंदसुद्धा सातपुड्यातल्या निरीक्षणांतून मिळाली. हे सारे तीस वर्षांच्या आत घडले. या यशाचा जरूर गौरव करावा. फक्त ज्ञानाच्या यशाला संवर्धनाचे यश म्हणू नये, कारण तसे म्हटले की दुसरे यश मिळवण्याची गरजच संपते. उद्या एखाद्या प्रकल्पासाठी रानाचा तुकडा मागताना ‘हा पक्षी आता अनेक ठिकाणी आढळतो’ एवढे वाक्य फाइलवर पुरेल, आणि ते वाक्य आपणच लिहून दिलेले असेल.

मग करायचे काय? पहिले काम झाडांचे. आपल्या वनव्यवस्थापनात तोडीच्या वेळी वाळलेले, वाकडे, पोकळ झाड निरुपयोगी म्हणून आधी काढण्याची सवय जुनी आहे. लाकडाच्या हिशेबात ते निरुपयोगी असेलही. रानपिंगळ्याच्या हिशेबात तोडीच्या साऱ्या पट्ट्यात मोलाचे तेवढेच आहे. ज्या वनक्षेत्रांत हा पक्षी आहे तिथे ढोलीची झाडे मोजून, खूण करून, तोडीतून वगळली पाहिजेत. याला निधी लागत नाही, कार्य आयोजनेत एक ओळ लागते.

दुसरे, मोकळ्या रानाचा मान राखणे. गवताचा तुकडा दिसला की ‘पडीक’ समजून तिथे रोपवन लावण्याचा उत्साह या पक्ष्याला मारक आहे. त्याचे शिकारीचे मैदान सावलीने भरून गेले तर वृक्षारोपणाचा आकडा वाढेल आणि सापसुरळ्या दिसायच्या बंद होतील.

तिसरे, अभयारण्यांच्या हद्दीबाहेर पाहणे. मेळघाटात वाघ आहे म्हणून तिथले रान निदान पहाऱ्यात आहे. पण तोरणमाळची राने, बुऱ्हाणपूरचे खकनार, खंडव्याकडचे पट्टे ही प्रादेशिक वनविभागांकडची क्षेत्रे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा अनेक ठिकाणी ग्रामसभांना रानाच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. भिल्ल, पावरा, कोरकू, वारली समाजांतल्या ज्यांचा रोजचा वावर या रानांत आहे, त्यांना ढोलीचे झाड ठाऊक असते. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून हा पक्षी वाचणार नाही. त्यांच्या गावाच्या आराखड्यात तो आला तर वाचेल. पिकांवरच्या आणि उंदरांवरच्या विषाचा प्रश्नही तिथेच सुटू शकतो, कारण विष खाल्लेला उंदीर रानपिंगळ्याच्या पोटात जातो.

चौथे काम मोजणीचे, आणि या सगळ्या वादाचा निकाल त्यावर अवलंबून आहे. नवे ठिकाण शोधण्यात थरार आहे, नाव आहे. जुन्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन तीच मोजणी करण्यात दोन्ही नाही. पण पक्षी वाढतो आहे की घटतो आहे हे फक्त दुसऱ्या प्रकारच्या कामातून कळते. तोरणमाळ, यावल, मेळघाट, खकनार, तानसा, पूर्णा अशा ठिकाणी ठरावीक क्षेत्र आखून, विणीच्या हंगामात, एकाच पद्धतीने, दर दोन-तीन वर्षांनी किती जोड्या आहेत आणि त्यांतल्या किती जोड्यांची पिल्ले घरट्याबाहेर पडली, हे नोंदले पाहिजे. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्षी बाहेर काढण्याचे काम या मोजणीपुरते राहावे. छायाचित्रासाठी विणीच्या दिवसांत ती वाजवणाऱ्यांना आवरले पाहिजे.

रानपिंगळ्याचे संकट ओसरले असे ज्यांचे मत आहे, त्यांच्याकडून मागणी एवढीच आहे. नवा ठिपका दाखवू नका. जुन्या ठिपक्यांपैकी निम्म्या ठिकाणी, दहा वर्षांच्या अंतराने, त्याच पद्धतीने मोजलेल्या जोड्या कमी झालेल्या नाहीत हे दाखवा. ते दाखवता आले तर हे खंडन मागे घ्यावे लागेल आणि ते आनंदाने घेता येईल. तोपर्यंत २०१८ चा बदल ही आपल्या माहितीतली दुरुस्ती समजावी, आणि पक्ष्याच्या नावावर तिची जमा करू नये.